मागाहून रंगवलेला क्रूस

माद्रिदमध्ये आम्ही चार दिवस होतो. त्यांपैकी तीन दिवसांविषयी सांगण्यासारखे इतकेच, की ऊन कडक होते आणि रात्रीच्या जेवणाची वेळ आमच्या पोटाला शेवटपर्यंत मानवली नाही. चौथ्या दिवशी आम्ही प्रादो संग्रहालय गाठले. तेथे संध्याकाळी सहा ते आठ प्रवेश फुकट असतो, म्हणून १५ युरो वाचवण्यासाठी मी पाऊण तास रांगेत उभा राहिलो आणि तिकीट काढून सरळ आत जाणाऱ्यांचा तेवढा वेळ हेवा करत राहिलो. आत छायाचित्रे काढायला बंदी आहे हे कळल्यावर तर चिडचिडच झाली. खरे सांगायचे तर निम्मा प्रवास मी चार लोकांना दाखवण्यासाठीच करतो.

बाराव्या दालनात स्पॅनिश चित्रकार वेलास्केसचे ‘लास मेनिनास’ आहे. १६५६ सालचे हे चित्र तीन मीटरहून उंच आहे. मधोमध पाच वर्षांची राजकन्या मार्गारिता, मागच्या आरशात राजाराणीचे अंधूक प्रतिबिंब आणि डावीकडे कुंचला घेतलेला खुद्द चित्रकार. माझी नजर त्याच्या काळ्या पोशाखावरच्या लाल क्रुसावर अडली. ते सांतियागो या सरदारी पंथाचे चिन्ह. त्या पंथात त्याला प्रवेश मिळाला १६५९ मध्ये, म्हणजे क्रूस मागाहून रंगवलेला आहे.

१६२३ पासून राजाच्या पदरी असलेल्या या लाडक्या चित्रकाराचा रोजचा शिधा एके काळी दरबारी न्हाव्यांइतकाच होता. त्याला सरदारांच्या पंक्तीत बसायचे होते आणि त्यासाठी त्याचे कूळ खणून काढण्यात आले. वंशात ज्यू किंवा मूर, म्हणजे मुस्लिम, रक्त नाही ना, हातांच्या कसबावर त्याने पोट भरलेले नाही ना, यासाठी शंभरावर साक्षीदार तपासले गेले. आपल्याकडच्या जात पडताळणीचे हेलपाटे ज्यांनी घातले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. सोबतीच्या चित्रकारांनीही साक्ष दिली, की हा पैशासाठी चित्रे काढत नाही, केवळ राजाच्या आनंदासाठी काढतो. तरीही कुळाचा पुरावा अपुरा ठरला आणि अखेर पोपकडून सूट आणावी लागली. एवढे करून क्रूस मिळाला, त्यानंतर तो वर्षभरही जगला नाही.

पैशासाठी नाही, हे मी पूर्वी घरातच ऐकले होते. माझे वडील कोल्हापुरात दुकानांच्या पाट्या रंगवत. बहिणीला पाहायला पाहुणे आले तेव्हा मामांनी सांगून टाकले, “दाजींना चित्रकलेची हौस आहे.” अण्णांनी सकाळीच नखांतला रंग घासलेटने काढला होता, तरी ते हात मांडीखाली घेऊन बसले होते. मी पोह्यांच्या बश्या फिरवत होतो आणि मामांची थाप मला मनापासून आवडली होती, कारण समोरच्या घरातल्या मित्रासारखे बँकेत जाणारे वडील मलाही हवे होते.

आठ वाजण्याआधीच रक्षकांनी आम्हाला दालनाबाहेर काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना फोनवर मी सगळे सांगितले, मामांचे तेवढे सोडून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “खालचा काळा तीन वर्षं वाळलेला. त्यावर तांबडा एका हातात बसत नाही. दोन हात दिले असणार त्यानं. नीट बघितलंस का?”