श्रीरामपूरचा माणूस

२ एप्रिल, रात्री उशिरा

दादाचा फोन आलाच. दरवर्षी येतो. वानखेडेवरचा धोनीचा षटकार दोन मिनिटांत उरकला आणि आमचं नेहमीचं भांडण सुरू झालं: २०११ च्या वर्ल्ड कपात मॅन ऑफ द टूर्नामेंट ठरला युवराज, पण खरा हक्क त्याचा, की झहीरचा?

दादाला युवराजचे आकडे तोंडपाठ. ३६२ धावा, १५ बळी, चारदा सामनावीर. "एकाच वर्ल्ड कपात तीनशेवर धावा आणि पंधरा बळी, त्याच्याआधी कुणी केलं होतं, सांग!" कुणीच नाही. इथे मी दरवर्षी पाणी प्यायला उठते.

पण झहीरचे २१ बळी कधी आले तेही बघावं ना. बंगळुरूला इंग्लंडपुढे ३३९ चं लक्ष्य होतं, तरी ते २ बाद २८१. स्ट्रॉस दीडशेच्या पुढे. आमच्या घरात तर टीव्ही बंद करायची भाषा चालू झाली होती. झहीरने आधी बेलला काढलं, पुढच्याच चेंडूवर स्ट्रॉस पायचीत, मग कॉलिंगवूडचा त्रिफळा. सामना टाय झाला. या स्पेलला सामनावीर मिळत नाही, कारण स्ट्रॉसच्या १५८ धावा असतात.

"तुमच्या श्रीरामपूरचा म्हणून गं," दादा म्हणतो. तुमच्या म्हणे! स्वतः पुण्यात गेला की तालुका माझ्या एकटीचा. आणि हो, श्रीरामपूरचा म्हणूनच. ऊस आणि साखर सोडून आमचं नाव कोण घेत होतं?

फायनलमध्येही त्याची पहिली पाच षटकं: तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी. शेवटी मात्र बेदम चोपला, दहा षटकांत ६०. दादा नेमकं हेच धरून बसतो.

आज त्याने युवराजचा आजारही काढला. तो मी धरू दिला नाही. कॅन्सरचं निदान नंतर झालं, बक्षीस देताना कुणाला माहीत होतं?

खरं तर मला अहमदाबाद आठवत होतं. ऑस्ट्रेलियाविरुद्ध २६१ हव्या, धोनी बाद, ५ बाद १८७. युवराज रैनाला घेऊन शेवटपर्यंत उभा राहिला आणि जिंकल्यावर गुडघ्यावर बसून ओरडला. त्या रात्रीच माझं मत फिरलं होतं.

दादाला अजून सांगितलेलं नाही.