इसार परत करताना

सही केली त्याला नऊच दिवस झाले होते. पुण्याची एक कंपनी शाळेतल्या विज्ञानाचे व्हिडिओ बनवते. त्यांच्या इंग्रजी संहिता मी मराठीत करायच्या, सहा महिने, शब्दाला १ रुपया १० पैसे. आधारचा ओटीपी टाकून फोनवरच सही झाली आणि चौथ्या दिवशी आगाऊ पैसे आले. वरुडपासून बारा किलोमीटरवरच्या आमच्या गावात बसून असं काम मिळालं म्हणून आईने शेजारी पेढे वाटले होते.

दहाव्या दिवशी बंगळुरूहून फोन. शेतकऱ्यांना फोनवर सल्ला देणाऱ्या एका ॲपचा मजकूर, वर्षभर काम, शब्दाला सव्वादोन रुपये. शिवाय विषय कोणता, तर संत्र्याची फळगळ, पऱ्हाटीवरची बोंडअळी. म्हणजे ज्याला शब्द शोधायला मला घराबाहेर जावं लागत नाही ते काम. दोन्ही कामं सोबत करता येतील का, हा हिशेब मी रात्री दोनपर्यंत मांडून पाहिला. नाही जमत.

सकाळी बाबांना सांगितलं. बाबांनी चहाची कपबशी खाली ठेवली.

"सही केली होती ना वं तू?"

"हो."

"पैसे घेतले?"

"घेतले."

"मंग इसार झाला तो. आता काऊन मांगं फिरतं?"

बाबा असं का बोलले ते मला माहीत होतं. दोन वर्षांआधी एका व्यापाऱ्याने आमच्या संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडी तोडीला येणारं फळ, उभ्या झाडावर घेतला, पंचवीस हजार इसार दिला आणि तोडीला येतो म्हणून गेला. तिकडे बांगलादेशने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवलेलं, इकडे भाव पडलेला. व्यापाऱ्याने फोन उचलणंच बंद केलं. आज येईल, उद्या येईल म्हणत आम्ही दुसऱ्या कोणाला बाग दाखवली नाही आणि फळ झाडाखाली सडलं. इसाराचे पंचवीस हजार घरात होते, पण त्यात फवारणीचा खर्चही निघत नव्हता. तेव्हापासून बाबांसाठी जगात दोनच प्रकारची माणसं आहेत, सौदा पाळणारी आणि तो व्यापारी.

मी दिवसभर त्यांच्यासमोर गेले नाही. मैत्रीण म्हणाली, "आई आजारी आहे म्हण, कोण विचारतं?" मी तसा मेल लिहिलाही होता. पाठवला नाही, आणि त्यात माझा मोठेपणा काही नाही. मराठी भाषांतराचं जग एवढंसं आहे, दोन महिन्यांनी नव्या कामावर माझं नाव दिसलं असतंच. शिवाय धडधाकट आईला आजारी पाडायची जीभ झाली नाही.

मग करार उघडला. सही करताना वाचला होता म्हणजे फक्त दर आणि तारीख पाहिली होती. आता तेरा पानं छापून आणली आणि पेन घेऊन बसले. तीन कलमांपाशी अडले. कलम ११, कोणत्याही बाजूने ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन करार संपवता येईल. कलम १४, काम अर्धवट सोडल्यास एक लाख रुपये दंड. कलम १७, करार संपल्यावर वर्षभर तशाच दुसऱ्या कंपनीचं काम करायचं नाही. लाखाचा आकडा पाहून माझ्या पोटात गोळाच आला.

वरुडच्या कोर्टाजवळ बसणाऱ्या एका वकिलांकडे गेले. पाचशे रुपये घेतले, पण अर्धा तास नीट दिला. त्यांनी आधी विचारलं ते कराराबद्दल नव्हतंच. "बंगळुरूवाल्यांचा कागद हातात आला का?" नव्हता. सगळं फोनवर. "मग तुम्ही एक फांदी सोडून हवेत उडी मारायला निघाल्या," म्हणाले. मी सोडूनच दिलं असतं आणि तिकडून नकार आला असता तर? अजूनही आठवलं की अंगावर काटा येतो.

बाकीचं त्यांनी साध्या भाषेत सांगितलं. भाषांतरासारखं काम, जे त्या माणसाच्या स्वतःच्या कसबावर चालतं, ते कोर्ट कोणाकडून जबरीने करून घेत नाही, १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमध्ये तशी सोय आहे. नुकसानभरपाई मात्र मागता येते. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की करारात दंडाचा आकडा लिहिला तरी वाजवी तेवढीच भरपाई मिळते, लिहिलेला आकडा ही वरची हद्द. वर्षभर दुसरीकडे काम करू नका ही अट करार संपल्यावर सहसा टिकत नाही, त्याच कायद्याच्या कलम २७ मुळे. पण कंपनीचा मजकूर, शब्दसूच्या कुठे नेऊ नका, ही अट टिकते. "आणि मेलमध्ये करार मोडते असं लिहू नका. कलम ११ प्रमाणे नोटीस देते असं लिहा. मोडणं वेगळं, संपवणं वेगळं."

दोन दिवसांनी बंगळुरूचा सही केलेला करार आला. काम सुरू होण्याची तारीख मी पाच आठवडे पुढची मागून घेतली. ते लगेच हो म्हणाले, मला वाटलं होतं रागावतील.

त्या संध्याकाळी बाबा खळ्यात एकटेच होते. सगळं सांगितलं, दंडाचंही. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो व्यापारी ऑक्टोबरात सांगून देता नं, तं म्या दुसऱ्याले बगीचा देल्ला असता. दोन पैसे कमी भेटले असते. फळ झाडावर हाये तवर सांग त्याईले."

दुसऱ्या दिवशी गच्चीवर चढले, रेंज तिथेच मिळते. मेल आधी पाठवावा असं खूप वाटत होतं, कारण मेल बोलत नाही. पण फोनच केला. पुण्याच्या मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं, मग विचारलं, दर १ रुपया ४० पैसे केला तर? मी नाही म्हणाले. खरं तर तो क्षणभर मोह झाला होता, पण मग बंगळुरूवाल्यांना काय सांगणार होते, एकाच महिन्यात दोन सौदे मोडले? मॅडम थांबल्या आणि म्हणाल्या, "खेड्यातून काम करणारी मुलगी घेऊ या, असं मीच वरिष्ठांना भांडून पटवलं होतं. आता पुढच्या वेळी मी काय सांगू?"

एक लाखाच्या कलमाला वकिलांनी उत्तर दिलं होतं. याला नव्हतं. माझ्यामागून पुसदची, आर्वीची एखादी पोरगी अर्ज करेल आणि तिला माझ्यामुळे नकार येईल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

नोटिशीचे तीस दिवस मी ठरल्यापेक्षा जास्त काम केलं. एकूण १४ संहिता दिल्या, प्रकाशसंश्लेषणापासून घर्षणापर्यंतच्या संज्ञांची सूची करून दिली, आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या एका ओळखीच्या मुलीचा नमुना मॅडमकडे पाठवला. तिला घेतलं. दंडाचा विषय पुढे निघालाच नाही.

हिशेबात मात्र डोकं फिरलं. आगाऊ रक्कम ४०,०००, त्यातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा आयकर, कापून माझ्या खात्यात आले होते ३६,०००. १४ संहितांचे २१,००० शब्द, म्हणजे माझी कमाई २३,१००. परत किती करायचे? मी आधी ३६,००० मधून वजाबाकी केली, ते चुकीचं होतं. कापलेले ४,००० माझ्याच पॅनवर जमा आहेत, त्यामुळे हिशेब ४०,००० चा. परत केले १६,९००. जास्तीचा कापला गेलेला टीडीएस रिटर्न भरताना मागायचा. फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, आजही पूर्ण ४०,००० दिसतात, म्हणून पैसे परत केल्याची बँकेची नोंद आणि हिशेबाचा मेल जपून ठेवला आहे. दोन्ही बाजूंचं काही देणंघेणं उरलं नाही, अशी एक ओळ लेखी द्या म्हणून तीनदा मागे लागले, तेव्हा अकराव्या दिवशी ती आली.

जानेवारीत मृग बहाराचा, म्हणजे संत्र्याच्या दुसऱ्या हंगामाचा, सौदा करायला नवा व्यापारी आला. ओसरीत बसला, भाव ठरला, त्याने खिशातून इसार काढला. बाबांनी मला आतून वही आणायला लावली.

"लिही वं. आन् तीस दिवसाची नोटीस टाक त्याच्यात."

व्यापारी खळखळून हसला. सही काही केली नाही, पण इसार दहा हजारांनी वाढवून दिला.