तुम्ही विचारलंत म्हणून: सॉल्व्हर असताना इंजिनियर कशाला?

कॉलेजातली पोरं, नातेवाईक, हल्ली आमचा ड्राफ्ट्समनसुद्धा हेच विचारतो, की पाणी योजनेचा पाइप किती मिमीचा हे एक्सेलचा सॉल्व्हर (आकडे बदलून बदलून सगळ्यात कमी खर्चाचं उत्तर शोधणारी सोय) काढून देतो, मग तुम्ही नेमकं करता काय?

देतो, खरंय. विहिरीपासून गावच्या टाकीपर्यंतचा पाइप लहान घेतला की पाइप स्वस्त पण घर्षण वाढतं, पंप मोठा लागतो आणि लाइटबिल वर्षानुवर्षं भरत बसा, मोठा घेतला की सगळं उलटं. घर्षण तर असलं तिखट की व्यास निम्मा केला तर साधारण 29 पट होतं. दोन्ही खर्च आजच्या रुपयात आणायचे आणि बेरीज कुठे सगळ्यात कमी येते ते शोधायचं, झालं ऑप्टिमायझेशन. पूर्वी कागदावर अर्धा दिवस जायचा.

एका गावाला माणशी 55 लिटरप्रमाणे, गळती धरून, रोज 2 लाख लिटर पाणी आणि 3 किलोमीटर लाइन. मी पंपिंग 16 तास धरलं. सॉल्व्हर म्हणाला 86 पॉइंट काहीतरी, दुकानात मिळतो 90. घर्षणात 21 मीटर जात होते, म्हणजे पंपाला पाणी 21 मीटर जास्त उंच चढवण्याइतका जोर लागणार, म्हटलं चालतंय.

टेंडरच्या आधी साइटवर गेलो तर ग्रामपंचायतीचे पाणी सोडणारे मामा, खांद्यावर चावीचा दांडा, म्हणाले, "साहेब, सोळा तास लाइट आणणार कुठून? थ्री फेज आठ तास, तीपण एक हप्ता दिवसा नि एक हप्ता रात्री." विहिरीवरचं कनेक्शन शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीपंपांना ठरावीक तासच वीज देणाऱ्या लाइनवर होतं आणि मी विचारलंच नव्हतं.

तेवढंच पाणी आठ तासात ढकलायचं म्हणजे प्रवाह दुप्पट, पण घर्षण साडेतीन पटीच्या वर, 21 चे झाले 77 मीटर! 110 चा पाइप घेतला तर 30. सॉल्व्हर कुठेच चुकला नव्हता, मी 16 लिहिले, त्याने 16 चं उत्तर दिलं.

आणि दशांशावरून भांडणाऱ्यांना सांगतो, पाइप आणि विजेच्या खर्चाच्या त्या बेरजेची आलेखातली रेघ तळाशी चांगली सपाट असते, एक साइझ वर गेलात तर फार बिघडत नाही, एक खाली गेलात की बोंब.

मामांना 110 सांगितला तर त्यांचा पहिला प्रश्न, त्याचा व्हॉल्व्ह तालुक्याला मिळतो का. तो रकाना माझ्या शीटमध्ये अजूनही नाहीये.