आवाज कुणाचा

आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट एकदाचं ठरलं आणि श्रावणातल्या एका ओल्या सकाळी पुण्याच्या एरंडवण्यातला आमचा ३२ वर्षांचा संसार टेम्पोत चढला. पलंग गेले, पुस्तकं गेली, माळ्यावरच्या त्या दोन गूढ ट्रंका गेल्या, शेवटी सतरंजीही गेली. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, “अगं, रेग्युलेटर काढलास का?” आणि मी दचकलेच. आवाज आईचाच, पण छताला, भिंतीला आणि पुन्हा छताला विचारून माझ्यापर्यंत आलेला.

“घर घुमायला लागलं बाई,” आई म्हणाली.

बाबा हॉलच्या मधोमध उभे होते. त्यांनी एक टाळी वाजवली, ऐकली. मग इकडेतिकडे बघून एकदम खणखणीत आवाजात ओरडले, “अरे आव्वाज कुणाचाऽऽ!” पुढे कॉलेजचं नाव येणार होतं, तेवढ्यात आईनं “अहो, खालचे लोक अजून राहतायत” म्हणून ते आवरलं.

पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा ज्यांनी अनुभवलीय त्यांना ही आरोळी वेगळी सांगायला नको. बाबांनी ती सत्तरच्या दशकात भरत नाट्य मंदिरात मनसोक्त दिली आणि दोनदा एकांकिकेत कामही केलं. त्यांचा एक सिद्धांत आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. तालमीला थिएटर रिकामं असतं तेव्हा आपला आवाज असा काही भरून राहतो की आपण मोठे नटच वाटतो. प्रयोगाच्या दिवशी खुर्च्या भरतात आणि पहिलंच वाक्य तोंडापुढे पडतं. “माणसं आवाज खातात,” बाबा म्हणतात. “म्हणून फेकावा लागतो.”

बाबांना हे दिग्दर्शकाच्या शिव्या खाऊन कळलं. वॉलेस सॅबाइन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाला ते गाद्या वाहून कळलं. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग म्युझियममधलं नवंकोरं व्याख्यानगृह निकामी ठरलं होतं. वक्त्यानं शब्द उच्चारला की तो साडेपाच सेकंद घुमत राहायचा. तेवढ्या वेळात पुढचं अख्खं वाक्य येऊन आधीच्यावर पडायचं, त्यामुळे कुणाला काही कळायचं नाही. सॅबाइनला सांगितलं, बघा काही होतंय का. हा गृहस्थ रात्री, गाव झोपल्यावर, शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, थोड्या थोड्या मांडायचा, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवायचा आणि आवाज पुरता विरेपर्यंत किती वेळ लागतो ते मोजायचा. सकाळच्या आत गाद्या परत जागेवर. सगळ्या गाद्या अंथरल्यावर साडेपाच सेकंदांचे सेकंदभरावर आले. अंगातल्या कपड्यांनीही फरक पडतो हे लक्षात आल्यावर तो मोजणीला तेच ते कपडे घालून बसायचा. घरचे काय म्हणत असतील, हा माझा प्रश्न.

त्यातून त्यानं आवाज किती वेळ घुमेल याचं सूत्र काढलं आणि त्याच सूत्राच्या भरवशावर बांधलेला बोस्टनचा सिंफनी हॉल १९०० साली उभा राहिला. सभागृहं बांधणारे आजही त्याच सूत्रापासून सुरुवात करतात. पण मला खरी आवडते ती त्याची मोजमापाची पट्टी. आवाज किती शोषला गेला हे मोजायचं कशात? त्यानं ठरवलं, उघड्या खिडकीत. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे ती पूर्ण शोषून घेते असं धरायचं. मग गालिचा, पडदा, भिंत, सगळ्यांचा हिशोब खिडकीच्या चौरस मीटरमध्ये. आणि माणूस? एक माणूस म्हणजे साधारण अर्धा चौरस मीटर उघडी खिडकी.

त्या रिकाम्या हॉलमध्ये आम्ही तिघं उभे होतो, म्हणजे दीड चौरस मीटर खिडकी. गिलावा आणि फरशी आवाज जवळजवळ जसाच्या तसा परत करतात, त्यामुळे त्या घडीला खोलीतलं सगळ्यांत मऊ सामान आम्हीच होतो. टेम्पोवाला वर आला, चपला दारात काढून आत उभा राहिला, आणि मला खरंच वाटलं की घुमणं किंचित कमी झालं. (या हिशोबानं डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सवाचा मांडव म्हणजे कमालच. वर कापड, खाली हजारो माणसं आणि प्रत्येकाच्या अंगावर शाल.)

संध्याकाळी किल्ल्या द्यायला एकटीच परत गेले. पावसाळ्यात म्हात्रे पुलाजवळ, नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, तसा तो चालू होता. आणि गंमत म्हणजे ढोल रोजच्या इतकाच ऐकू येत होता. इतकी वर्षं आईनं जाडे पडदे लावले त्याचा ढोलावर काडीचा परिणाम झालेला नव्हता तर! ते साहजिकच आहे. ढोलाचा आवाज खर्जातला. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांच्या आवाजाची एक लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते. ती इमारतींना वळसा घालून येते, आणि तिच्यापुढे पडदा म्हणजे हत्तीपुढे मच्छरदाणी. ताशाचा कडकडाट मात्र आखूड लाटांचा, वाटेतच विरतो. म्हणून लांबून नुसता ढोल येतो आणि ताशा ऐकू आला की समजायचं, मिरवणूक कोपऱ्यावर आली.

भाड्याचा फ्लॅट सिंहगड रोडला, सातव्या मजल्यावर. चकचकीत टाइल्स, भिंतभर काचेचं सरकतं दार, पडद्यांना नुसत्या दांड्या. पहिल्या रात्री आई म्हणाली, “अहो, ताट घेतलंय.”

“खाट कशाला घेतलीस?” बाबा म्हणाले. “पलंग आलाय की.”

आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी असं चार-पाचदा झाल्यावर कुणी हसेना. बाबांच्या कानांच्या तपासणीचा आलेख डावीकडे, म्हणजे खालच्या स्वरांकडे, बरा आहे. उजवीकडे, म्हणजे उंच स्वरांकडे, तो सिंहगडाच्या कड्यासारखा खाली उतरतो. वय झालं की बहुतेकांचं तेच होतं. आता ‘ताट’मधला ‘आ’ दणकट, तो पोचतो. ‘त’ म्हणजे जिभेचा एक टिचका, त्याचा जीव केवढासा! त्यात खोली घुमणारी असली की आधीच्या ‘अहो’चं शेपूट नेमकं पुढच्या ‘त’वर येऊन पडतं. कानातलं यंत्र बिचारं शब्दाबरोबर शेपूटही मोठं करून देतं. बाबा यंत्र काढून ठेवायला लागले आणि पेपरात तोंड खुपसून बसायला लागले. आवाज फेकणारा माणूस दोन दिवसांत गप्प झाला.

तिसऱ्या दिवशी आईनं ट्रंका उघडल्या. आत गोधड्या. आजीच्या नऊवारींच्या, एकेक चार-चार किलोची, आणि टेम्पोत सगळ्या दमट झालेल्या. बाहेर पाऊस, मग वाळत घालणार कुठे? आईनं पडद्यांच्या दांड्यांवर घातल्या, सोफ्याच्या पाठीवर घातल्या, एक टीव्हीमागच्या भिंतीवरच्या खिळ्यांना अडकवली. हॉलचं धोबीघाट झालं.

“आमसूल कुठल्या डब्यात ठेवलंस गं?” आईनं आतून मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाबा पेपरातून म्हणाले, “निळ्या झाकणाच्या.”

ऊन पडलं ते चार दिवसांनी. आई गोधड्या काढून घड्या घालायला लागली.

“राहू दे त्या,” बाबा म्हणाले.

“अहो, हॉलमध्ये? पाहुणे आले तर काय म्हणतील?”

“काय म्हणतील ते ऐकू तरी येईल.”