पिंपळावरची घार आणि काउंटरवरचे दोन कॅमेरे

जुने कॅमेरे दुरुस्त करणं आणि विकणं हा माझा धंदा. नागपूरच्या सीताबर्डीत, मेन रोडच्या आतल्या गल्लीत दुकान आहे. एक प्रश्न घेऊन सतत कोणी ना कोणी येत असतं: एवढ्याच पैशात जुना प्रोफेशनल कॅमेरा घेऊ की त्यापेक्षा नवा सुपरझूम, म्हणजे न निघणाऱ्या एकाच लेन्समधून खूप लांबचं जवळ आणणारा कॅमेरा? लग्नाचं काम करणारा पोरगा असला तर माझं उत्तर तयार असतं. संध्याकाळचा मंडप, हळद, वरातीत नाचणारी माणसं, म्हणजे त्याला मोठा सेन्सर, कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चकती, लागणार. तो जुनी बॉडी घेऊन जातो. पण भोगीच्या दिवशी दुपारी जे दोघं आले, त्यांना मला दुकानात बसून उत्तर देता येईना.

एक इलेक्ट्रिक फिटिंगची कामं करणारे चाळिशीचे गृहस्थ. दुसरी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणारी मुलगी. मांज्यात अडकलेले पक्षी सोडवणाऱ्या एका गटात दोघं काम करतात. गटाने वर्गणी काढून पैसे जमवले होते.

"लोकांचे पैसे आहेत भाऊ," फिटर म्हणाले, "दुसऱ्यांदा जमायचे नाहीत. जे घ्यायचं ते एकदाच."

नागपुरात राहणाऱ्याला मांज्याबद्दल सांगावं लागत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांज्यावर देशभर बंदी घातली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, तरी जानेवारी आला की गच्चीगच्चीवर तो दिसतोच. सुती दोरा पावसात कुजतो, वाऱ्याने तुटतो. नायलॉन तसा जात नाही. पतंग कधीच फाटून गेलेला असतो आणि दोरा मात्र झाडावर लोंबत राहतो. त्यामुळे या मंडळींचं काम संक्रांतीला संपत नाही, पुढे कित्येक महिने चालू राहतं.

मी दोन कॅमेरे काढून काउंटरवर ठेवले. एक निकॉन डी३००, २००७ सालचा, सोबत ३०० मिलिमीटर एफ/४ ची लेन्स. दुसरा कूलपिक्स पी९००, २०१५ साली आलेला, ८३ पट झूमचा. दोन्ही वापरलेले, आणि लेन्स धरून दोन्हींची किंमत जवळपास सारखीच पडत होती.

फिटरभाऊंनी डी३०० हातात घेतला आणि तो खाली ठेवेचनात. मला ते समजतं. मॅग्नेशियमची बॉडी आहे, शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासून दिलेलं, फोकसचे ५१ बिंदू, सेकंदाला सहा फोटो. बटण दाबलं की जो आवाज येतो, त्यानेच माणूस अर्धा राजी होतो. लेन्स जवळपास दीड किलोची. "हाच घेऊन टाकू," ते म्हणाले, "हा खरा कॅमेरा वाटून राह्यला."

मुलीने विचारलं, "काका, झूम किती याचा?"

हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि त्याचं प्रामाणिक उत्तर लांबलचक आहे. डी३०० चा सेन्सर २३.६ बाय १५.८ मिलिमीटरचा. त्याच्यावर ३०० ची लेन्स लावली की फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या, हिशेबाने ती ४५० मिलिमीटरची होते. पी९०० त्याच हिशेबाने २००० पर्यंत जातो. पण तो तिथपर्यंत जातो कारण त्याचा सेन्सर इवलासा आहे, साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. आतली लेन्स प्रत्यक्षात ३५७ मिलिमीटरचीच आहे. सेन्सरच्या क्षेत्रफळात जवळपास तेरापटीचा फरक. तेवढा उजेड कमी गोळा होतो, आणि अंधार पडू लागला की तो फरक फोटोत दाणे होऊन दिसतो. शिवाय पी९०० रॉ फाइल, म्हणजे नंतर सुधारता येणारी सेन्सरची कच्ची नोंद, देत नाही, जेपेगवरच भागवावं लागतं.

मी हे सांगत होतो आणि तेवढ्यात मुलीचा फोन वाजला. महालात, शुक्रवारी तलावाजवळ एका पिंपळावर घार लटकली होती. एका पंखावर लोंबकळत होती, खाली गर्दी जमली होती.

मी दुकानाचं शटर ओढलं, दोन्ही कॅमेरे पिशवीत टाकले आणि त्यांच्या मागे स्कूटर काढली. विकायच्या वस्तू मी एरवी दुकानाबाहेर नेत नाही. पण त्या दोघांना काय लागतं हे बघायचं तर तिथेच बघायला हवं होतं.

पिंपळ मोठा होता आणि घार शेंड्याकडे, फांद्यांच्या आत. समोरच्या घरातल्या बाईंनी आम्हाला गच्चीवर जाऊ दिलं. तिथून झाड अंदाजे चाळीस मीटर. आजूबाजूच्या गच्च्यांवर स्पीकर, "ओ काट!"ची आरोळी, आणि मधेच घारीची ती लांब, थरथरती शीळ. चार वाजून गेले होते, ऊन तिरपं पण स्वच्छ होतं.

आधी मी डी३०० लावला. बटण दाबल्याबरोबर फोकस पकडला. फोटो सुरेख आला: पिसांचा तपकिरी रंग, अर्धी उघडी चोच, मागे निळं आभाळ. वर्तमानपत्रवाल्याने लगेच घेतला असता. मुलीने स्क्रीनवर तो मोठा करत नेला, आणखी मोठा केला, मग थांबली.

"दोरा कुठून कुठं गेला ते दिसूनच नाही राह्यलं, काका."

दिसणार नव्हताच. चाळीस मीटरवर त्या लेन्समधून फ्रेममध्ये तीन मीटरहून जास्त रुंदी येते, आणि डी३०० चा एकेक पिक्सेल पाऊण मिलिमीटर जागा घेतो. मांजा त्याहून बारीक. कुठे उन्हात चमकला तर पुसटशी रेघ, सावलीत काहीच नाही. पी९०० च्या २००० इतका भाग कापून घ्यायचा म्हटलं तर डी३०० च्या ४२८८ पिक्सेलांच्या रुंदीतले हजारही हातात राहत नाहीत.

मग पी९०० काढला. पूर्ण झूमवर घार सापडवणं सोपं नाही. चाळीस मीटरवर फ्रेममध्ये पाऊण मीटरसुद्धा रुंदी येत नाही आणि घारीचे पसरलेले पंख जवळपास दीड मीटर. नुसती पानं दिसतात, मग फांदी, मग पुन्हा पानं. या कॅमेऱ्यात लेन्सच्या बाजूला एक बटण आहे. ते दाबून धरलं की झूम मागे येतो, मोठं दृश्य दिसतं, पक्षी मधोमध आणून बोट सोडलं की झूम परत पुढे जातो. ते मुलीला दाखवलं. कॅमेरा कठड्यावर टेकवला, खाली तिची ओढणी घडी करून ठेवली आणि घार फडफडायची थांबेपर्यंत वाट पाहिली. त्या दमलेल्या जिवाच्या दोन झटापटींच्या मधे काही सेकंद शांततेचे येत होते.

फोटो डी३०० इतका देखणा नव्हता. कडा जरा मऊ, रंग फिके. एवढ्या बारीक पिक्सेलांवर एफ/६.५ ला, म्हणजे लेन्सचं तोंड अरुंद असताना, विवर्तनाने (उजेड कडेला वळून पसरल्याने) तपशील पसरतोच. पण दोरा दिसत होता. वरच्या बेचक्यात दोन वेढे, तिथून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेखालून, मग पायाला एक फास, आणि पायापासून लांबच लांब टोक खाली, पार बुंध्याजवळ माणसाच्या हाताला येईल इतकं.

आणि खाली दोन पोरं तेच टोक पकडून ओढायच्या बेतात होती.

मुलगी गच्चीवरून जी ओरडली, ती स्पीकरच्या वरताण ऐकू गेली असावी. "दोरा कोणी ओढू नका! हात सोडा!" मग तिने मला स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. पंखाच्या पुढच्या बाजूला, खांद्यापासून मनगटापर्यंत, कातडीचा पातळ पडदा असतो. त्याच्या कडेने एक स्नायुबंध जातो. तो तुटला की पक्षी जगला तरी उडत नाही. मांजा नेमका त्या कडेखालून गेला होता. खालून एक हिसका, की तो करवतीसारखा आत गेला असता.

पुढचं काम फिटरभाऊंचं. शिडी, तिच्यावरून पुढच्या फांदीवर, हातात लांब बांबू आणि बांबूच्या टोकाला बांधलेला विळा. खाली चौघांनी चादर ताणून धरली. वर चढलेल्या माणसाला पानांतून दोरा दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तो घारीच्या इतका जवळ असतो, तरीही आभाळाच्या उजेडासमोर त्याला दोरा दिसत नाही. मी कॅमेऱ्यात बघून फोनवर सांगत होतो: आधी पायाखालचं लोंबतं टोक कापा, म्हणजे कुठे अडकायला नको. आता वर. आणखी डावीकडे. ती फांदी नाही, तिच्या मागची. विळा बेचक्याच्या वर न्या. थांबा, ती फडफडतेय. आता.

घार डहाळीसकट चादरीत पडली. मुलगी तोवर खाली पोचली होती. तिने घारीच्या डोळ्यांवर फडकं टाकलं, नख्या धरल्या आणि तिला भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवलं. पडद्याला चीर होती, पण स्नायुबंध शाबूत वाटत होता. खोकं लगेच सेमिनरी हिल्सच्या वन्यजीव उपचार केंद्राकडे रवाना झालं.

आम्ही तिघं तलावाच्या काठी चहाला थांबलो. सूर्य टेकला होता, घारी झाडांकडे परतत होत्या. फिटरभाऊंचं मन अजून डी३०० कडेच होतं. त्यांनी तो उचलला, मी आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, १६०० वर नेऊन दिला आणि ते उडत्या घारींवर धरून बसले. तडतडतड करत एकेक फोटो येत होता, बहुतेक सगळे लख्ख. तेच पी९०० वर करून पाहिलं तर लेन्स पुढेमागे होत राहिली, घार निघून गेल्यावर फोकस लागला. सलग सात फोटो घेतले की तो ते कार्डावर लिहायला थांबतो. व्ह्यूफाइंडरमधलं चित्रही किंचित मागून येतं.

"पाहा," भाऊ म्हणाले, "आहे का काही तुलना?"

मुलगी चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "पण भाऊ, उडणाऱ्या घारीला आपली गरजच नाही ना."

इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना सेन्सर समजावतोय, झूम समजावतोय, पण काय सोडून द्यायचं हे इतक्या नेमकेपणाने ठरवणारं गिऱ्हाईक मी क्वचित पाहिलंय. डी३०० चा फोटो चांगलाच होता, त्याबद्दल वाद नाही. पण या लोकांना फोटो ठेवायचा नाही, छापायचा नाही. तो बघून कुठे कापायचं ते ठरवायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. त्यांचा पक्षी अडकलेला असतो, म्हणजे एका जागी असतो. तो बहुतेक दिवसाउजेडी सापडतो. आणि तो लांब, उंच असतो. सुपरझूमची जी खोड आहे, उजेड कमी आणि हालचाल जास्त, ती त्यांच्या कामात फारशी आडवीच येत नाही. याच मुलीला उद्या खो-खोच्या संध्याकाळच्या सामन्यांचे फोटो काढायचे असते, तर मी पी९०० तिला दाखवलासुद्धा नसता.

दुकानात परत येऊन मी पी९०० तयार करून दिला. डायलवर यू लिहिलेली जागा आहे, तिथे आपल्याला हवी ती मांडणी साठवता येते. आयएसओ ८०० च्या वर जाऊ नये, फोकस मधल्या लहान चौकोनात, डिजिटल झूम बंद. डिजिटल झूम नुसतंच चित्र ताणतो, नवीन काही दाखवत नाही. त्यांना तर धोकाच, कारण ताणलेल्या चित्रात डहाळीसुद्धा दोऱ्यासारखी दिसू शकते. दोन बॅटऱ्या बरोबर ठेवायला सांगितल्या, कारण एका चार्जमध्ये साडेतीनशेच्या आसपासच फोटो निघतात. डी३०० ची बॅटरी त्याच्या तिप्पट चालते, पण ते आता सांगण्यात अर्थ नव्हता.

आणखी एक गोष्ट मी बजावून सांगितली. या जातीच्या कॅमेऱ्यांची लेन्स बाहेर निघते आणि आत जाते. तिच्या बारीक दातेरी चाकांत धूळ गेली किंवा लेन्स बाहेर असताना कॅमेरा पडला, की ती तिथेच अडकते. माझ्या टेबलावर येणाऱ्या सुपरझूमपैकी बरेचसे याच दुखण्याचे असतात. झाडाखाली, पाचोळ्यात, शिडीजवळ हा वापरला जाणार. तेव्हा काम झालं की आधी झूम आत, मग पिशवीत, आणि गळ्यातला पट्टा कधीच काढायचा नाही.

फिटरभाऊ निघताना कपाटातल्या डी३०० कडे पाहून म्हणाले, "हा विकू नका एवढ्यात. माझी पोरगी कबड्डी खेळते." मी त्याच्यावर त्यांच्या नावाची चिठ्ठी लावली.

दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, अंधार पडायच्या सुमारास मुलीचा फोन आला. अंबाझरीच्या बाजूला एका निलगिरीवर गव्हाणी घुबड अडकलं होतं. उजेड जवळपास गेलेला, फोटो सगळे हललेले येत होते.

"घुबड हलतंय का?" मी विचारलं.

"नाही. गप्प लटकून आहे."

"मग शटर हळू चालेल. कॅमेरा हातात धरू नकोस, गाडीच्या टपावर टेकव, खाली पिशवी दे. दोन सेकंदांचा टायमर लाव, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. एस मोडला जा, तिथे शटरचा वेग आपण ठरवतो, आणि तो सेकंदाच्या तिसाव्या हिश्शावर आण. आयएसओ १६०० पर्यंत जाऊ दे, दाणे आले तर येऊ दे. आणि कोणाला तरी बाजूने टॉर्च मारायला सांग. समोरून नको, बाजूने. दोरा चमकेल."

ती लाइनवरच होती. मागे कोणीतरी टॉर्च शोधत असल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "दिसला काका. उजव्या पंखाला आहे, दोन वेढे. ठेवते आता."