रिकाम्या खुर्च्यांची बातमी

दर सोमवारी आमच्या विद्यापीठाचं वार्तापत्र निघतं. चार पानं, फारच झालं तर सहा. जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतून आठवडाभर बातम्या येत राहतात. कुणी मेल करतं, बाकीचे व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलून मोकळे होतात. राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर, आविष्कार या संशोधन स्पर्धेची फेरी, युवारंग या युवक महोत्सवाची तयारी, ऑगस्टात बहिणाबाईंची जयंती, तीन डिसेंबरला पुण्यतिथी. फोटोवरून गाव ओळखायला सांगाल तर जमणार नाही. समई, शाल, मधोमध पाहुणे आणि कडेला अर्धा कापला गेलेला एखादा विद्यार्थी. बहुतेक वेळा सगळी धावपळ त्यानंच केलेली असते, पण चौकटीत मावत नाही म्हणून तो जातो.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी पुणे विद्यापीठापासून वेगळं झालं आणि ११ ऑगस्ट २०१८ ला त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं, हे मी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या माहितीपत्रकात टाकते. ते आता माझ्या हाताला पाठ आहे, डोक्याला विचारावं लागत नाही. पण विद्यापीठ चालतं कसं, अर्थसंकल्पावर कोण बोलतं, हे एखाद्या वर्गात विचारून बघा. पोरं छताकडे बघतात. त्यांचाही दोष नाही. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका गेल्या आणि प्रतिनिधी गुणवत्तेवर नेमले जाऊ लागले. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं निवडणुकीची तरतूद परत आणली, पण आजची मुलं ज्यांच्याकडून शिकतात, त्या पिढीतल्या अनेकांनी कॉलेजात मतपेटी पाहिलेली नाही.

म्हणून डिसेंबरातल्या नेतृत्व शिबिरात यंदा व्याख्यानं कमी करून अभिरूप अधिसभा, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटची नक्कल, ठेवली, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. नेतृत्व शिबिरांतली व्याख्यानं मी बरीच ऐकली आहेत. ध्येय ठेवा, वेळेचं नियोजन करा, आईवडिलांना विसरू नका. यात चूक काहीच नसतं आणि लिहिण्यासारखंही काही नसतं.

शनिवारी सकाळी साठ जण जमले. कायद्यातल्या खऱ्या अधिसभेत प्राचार्य, अध्यापक, संस्थाचालक, नोंदणीकृत पदवीधर आणि विद्यार्थी असे सगळे बसतात, वार्षिक हिशेब आणि अंदाजपत्रक तिथे येतं, हे एका सरांनी अर्ध्या तासात सांगितलं आणि ते खाली बसले. पुढे सगळं मुलांवर सोडलं होतं. नियमावलीसुद्धा त्यांनीच करायची.

पहिला खटका गणपूर्तीवर उडाला. सभागृहात किमान किती जण हजर असले की कामकाज चालेल? राज्यशास्त्राच्या एका मुलानं संविधानाचा दाखला दिला. विधानसभेत दहावा हिस्सा किंवा दहा सदस्य, यातला मोठा आकडा. म्हणजे आपल्या २८८ च्या विधानसभेला २९ पुरतात. आपणही दहावाच हिस्सा ठेवू.

"म्हंजे आपल्यात सहा?" मागून आवाज आला. "सहा जणांत तर कबड्डीबी होत नाही, भो."

हशा पिकला आणि त्या हशात निम्म्याची गणपूर्ती मंजूर झाली. तीस. कुणाला ते जास्त वाटलं नाही. सकाळची वेळ होती, पोहे झाले होते, हॉल गच्च भरलेला होता.

अध्यक्ष म्हणून चिठ्ठी निघाली ती धडगावकडच्या एका मुलाच्या नावाची. वसतिगृहात राहतो, कमवा व शिका योजनेत ग्रंथालयात काम करतो. बोलतो इतकं कमी, की हा सभा कशी चालवणार असं मला वाटलं. दुपारपर्यंत त्यानं चार विषय मार्गी लावले. कुणी लांबण लावली की तो काही न बोलता मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचा. एवढं पुरत होतं.

जेवणाला वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. भरिताबद्दल लिहायला बसले तर विषय राहून जाईल, म्हणून एवढंच सांगते की दुपारच्या सत्राला सगळे जरा जड झाले होते.

त्या जडपणातच पाचवा ठराव आला. विद्यार्थ्यांचे साप्ताहिक उपक्रम, म्हणजे वादविवाद, वाचनगट, नाटकाची तालीम, शनिवारी दुपारऐवजी संध्याकाळी सहाला घ्यावेत. मांडणारा मुलगा विज्ञानाचा आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. शनिवारी दुपारी प्रात्यक्षिकं असतात, तालमीला निम्मी पात्रं येत नाहीत आणि युवारंग तोंडावर आला की रडारड होते. संध्याकाळी परिसर शांत असतो, ऊन नसतं. वसतिगृहातल्या मुलामुलींनी बाकं वाजवली.

विरोधात बोलणारेही होते. रोज गावाहून ये-जा करणाऱ्यांनी अंधाराचं, बसचं सांगितलं. त्यावर एकानं मार्च २०२३ पासून बायामुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे याची आठवण करून दिली. एक मुलगी फटकन म्हणाली, "तिकीट अर्धं झालं, गाड्या दुप्पट झाल्या का?" याला उत्तर आलं नाही, चर्चा मात्र पुढे सरकत राहिली. आणि इकडे साडेचार वाजले.

साडेचारनंतर काय होतं ते मी मागे बसून बघत होते. एरंडोल-पारोळ्याकडचे दोघं उठले. मग चोपड्याचे. मग यावल-फैजपूरच्या तिघी, खुर्ची वाजू नये म्हणून ती हातानं उचलून सरकवत. कुणी रुसून गेलं नाही, कुणी निषेध केला नाही. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. त्याआधी महामार्गावरच्या थांब्यावर उभं राहायचं, जळगावहून भरून आलेली गाडी थांबली तर चढायचं. हे त्यांचं रोजचंच आहे. चर्चा चालू असताना विरोधातली मतं एकेक करून दारातून बाहेर पडत होती आणि ठराव मांडणाऱ्याच्या ते बरोबर लक्षात आलं होतं.

"अध्यक्ष महोदय, चर्चा पुरे झाली. मतदान घ्या."

अध्यक्षानं वही पुढे ओढली. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"अध्यक्ष महोदय, हरकतीचा मुद्दा."

धरणगाव तालुक्यातली एक मुलगी. दिवसभरात ती एकदाही बोललेली नव्हती. पाठीला सॅक, तोंडाला स्कार्फ बांधून झालेला. बोलण्यासाठी तिनं तो एका बोटानं हनुवटीखाली ओढला. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर.

"सभागृहात गणपूर्ती नाही."

ठराववाल्यांनी एकच गलका केला. अध्यक्षानं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मग उठून, पेन्सिलीच्या टोकानं एकेका डोक्याकडे निर्देश करत, ओठांत पुटपुटत मोजायला लागला. खुर्च्यांवर सत्तावीस. स्वतःला धरून अठ्ठावीस. अध्यक्ष धरायचा की नाही यावर थोडं झालं, धरायचा असं ठरलं. मग त्यानं दाराकडे पाहिलं.

"तुमचे दोन्ही पाय आत घ्या."

तिनं घेतले. एकोणतीस.

राज्यशास्त्रवाल्याला लगेच आठवलं की गणपूर्ती नसली तर सभागृहात घंटा वाजवून सदस्यांना वेळ देतात. घंटा कुठली आणायची? सचिव झालेल्या मुलीनं स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायला सुरुवात केली. पाच मिनिटं ठरली. दोघे जण कँटीनकडे पळायला निघाले. त्यांना अध्यक्षानंच अडवलं, तुम्ही गेलात तर सत्तावीस. मग खिडकीतून हाका. ती मुलगी तिथेच उभी. तिची गाडी पाच वीसची, त्यानंतरची मुक्कामी, जी गावात पोचायला रात्रीचे नऊ करते. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की ती घड्याळाकडे नाही, अध्यक्षाच्या पेन्सिलीकडे बघते आहे.

चौथ्या मिनिटाला हातात भज्यांचा कागद घेऊन एक जण धापा टाकत आत आला. टाळ्या पडल्या. तीस!

"गणपूर्ती झाली," अध्यक्ष म्हणाला. "मतदान घेऊ."

"घ्या," मुलगी म्हणाली. स्कार्फ वर ओढला. "येस मंग मी."

आणि ती गेली.

दोन-तीन सेकंद कुणालाच काही सुधरेना. मग कोपऱ्यातून कुणीतरी हलकेच म्हणालं, "एकोणतीस." आणि सगळा हॉल फुटला. विरोधातले हसत होते, वसतिगृहवाले हसत होते, भजीवाला तर आपलं काय चुकलं म्हणून घाबराघुबरा झाला होता. फक्त ठराव मांडणारा हसत नव्हता. तो माझ्याकडे वळला, "मॅडम, हे चीटिंग आहे ना?"

मी हात वर केले. मी बातमीदार, पंच नव्हे. उत्तर अध्यक्षानं दिलं.

"बाहेर जायला परवानगी लागते असं आपल्या नियमात नाही. सकाळी लिहायला पाहिजे होतं. सभा उद्या अकरापर्यंत तहकूब."

सचिव मुलीनं त्याच संध्याकाळी इतिवृत्त लिहून मला दाखवलं. त्यात एक ओळ होती: 'मा. सदस्या एसटी बस पकडण्यासाठी सभागृहाबाहेर गेल्यामुळे गणपूर्तीचा भंग झाला.' मी त्यातलं एक अक्षर बदलू दिलं नाही.

रात्री वसतिगृहाकडे जाताना तो अध्यक्ष मुलगा भेटला. मला एक कुतूहल होतं. हा स्वतः वसतिगृहातला, वर्षातून दोनदा घरी जाणारा. ठराव त्याच्या सोयीचा होता. पेन्सिल जरा सैल फिरवली असती तर कुणी धरलं असतं? विचारलं तसं तो थोडा वेळ गप्प चालला. मग म्हणाला, "आमच्याकडे सभा झाली की सहीची वही घरोघर फिरायची. सभा बघितली नाही त्यांच्याबी सह्या. मी लहानपणी ती वही घेऊन फिरलोय, मॅडम. दोन रुपये मिळायचे." पुढे तो ग्रंथालयातल्या कामाबद्दल बोलत राहिला.

रविवारी अकराला ठराव पुन्हा आला. ती मुलगी आली नाही. घरी कापसाची वेचणी होती, असं तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. माझ्यातल्या बातमीदाराची पार निराशा झाली, कारण मी मनात तिचं भाषण लिहूनही ठेवलं होतं. बोलली ती मैत्रीण, तेही अडखळत. तिनं ठरावाला विरोध केलाच नाही, दुरुस्ती मांडली: उपक्रम संध्याकाळी घ्या, पण ज्यावर मत द्यायचं आहे, निवड करायची आहे, पैसे खर्चायचे आहेत, असं काहीही दुपारी चारच्या आत. तालीम सहाला होऊ दे, नाटक कुठलं आणि दिग्दर्शक कोण हे चारच्या आधी ठरू दे.

हे कालपासून कुणाला सुचलं नव्हतं. ठराव मांडणाऱ्यानं दोन मिनिटं विचार केला आणि दुरुस्ती स्वीकारली. मला वाटतं, शिबिरातली ती सगळ्यात अवघड गोष्ट होती. कालचा सगळा हशा त्याच्या अंगावर गेला होता. दुरुस्तीसह ठराव मोठ्या बहुमतानं मंजूर झाला. विरोधात जी काही मतं पडली ती वसतिगृहातल्याच मुलींची, त्यांना सहा ही वेळही उशिराची वाटत होती. त्यांच्याकडे शनिवारी कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं, माझंही नाही.

उरला प्रश्न फोटोचा. उद्घाटनाचे चांगले बारा फोटो होते. मला हवा होता तो मी मागून मोबाइलवर काढलेला: निम्म्या खुर्च्या रिकाम्या, समोर उभा राहून पेन्सिलीनं मोजणारा मुलगा आणि डाव्या कडेला दारात उभी असलेली, स्कार्फमुळे चेहरा न दिसणारी एक सदस्या. पानं लावणारा आमचा सहकारी तो बघून हबकला.

"अहो मॅडम, रिकाम्या खुर्च्या? लोक म्हणतील कार्यक्रमाला कुणी आलंच नाही."

"तीच तर बातमी आहे."

बरीच ओढाताण झाली. शेवटी समईचा फोटो आत दोन स्तंभांत आणि खुर्च्यांचा पहिल्या पानावर, असा सौदा ठरला. मथळा दिला: 'गणपूर्तीअभावी अभिरूप अधिसभा तहकूब, मतदान चारच्या आत घेण्याची दुरुस्ती मंजूर'. लांबलचक आहे, कबूल.

मंगळवारी धुळ्याकडच्या एका महाविद्यालयातल्या प्राध्यापकांचा फोन आला. त्यांनाही असा कार्यक्रम घ्यायचा होता, नियमावली हवी होती. मी लगेच पाठवते म्हटलं. त्यांनी तारीख, वेळ, खर्च सगळं विचारून घेतलं. मग जरा थांबून म्हणाले, "निम्मी गणपूर्ती जरा जास्त नाही वाटत?"

"तुमची मुलं किती ठेवतात ते बघा," मी म्हटलं, "आणि त्यांच्या बसचं वेळापत्रक आधी मागवून घ्या."