केसांना काय लावता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लग्नाच्या हॉलमध्ये, बँकेच्या रांगेत, एकदा तर सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पाळण्याखाली उभी असताना एका अनोळखी बाईंनी विचारलं, "केस छान बसलेत हो, काय लावता?" विचारणारीचे केस बहुतेक वेळा माझ्यासारखेच असतात. कुरळे, राठ, न्हाल्यावर तासाभरात चहूबाजूंनी पिंजारणारे, आणि म्हणूनच तेल चोपडून घट्ट वेणीत कोंबलेले. तिला बाटलीचं नाव हवं असतं. सांगायला माझी ना नाही. पण माझंच जेल डोंबिवलीची मावसबहीण लावते तर तिचे केस चिकट होऊन लोंबतात, आणि तिचं लाडकं क्रीम मी इथे मे महिन्यात लावलं तर डोक्याचा काथ्या होतो. म्हणून मी उलट विचारते, तुम्ही केस कुठल्या पाण्याने धुता?

सोलापुरात हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. उजनीचं पाणी नळाला रोज कुठे येतं? चार-पाच दिवसांआड येतं, ते पिण्याला आणि स्वयंपाकाला भरून ठेवायचं. अंघोळीला बोअर. आणि बोअरचं पाणी जड. बादलीच्या आतून जो पांढरा थर धरतो, ज्याच्यामुळे गिझरची कॉइल जाते, तोच कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार केसांवरही बसतो. सरळ केसाला तो तितका जाणवत नाही, कारण टाळूचं तेल सरळ केसावरून खालपर्यंत उतरतं. वळणावळणाच्या केसात ते वरच अडकतं आणि टोकं कोरडीच राहतात. त्यावर क्षार चढला की केस बोटांना खरखरीत लागतो, मग कितीही महागाचं कंडिशनर आणा.

वडीच्या साबणाने तर डोकं धुऊच नका. साबण आणि जड पाणी एकत्र आले की पाण्यात न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तो केसातच राहतो. आजीच्या शिकेकाईचं हे होत नसे. तिच्यातला फेस सॅपोनिनचा, म्हणजे वनस्पतीतल्या फेसाळ द्रव्याचा, शिवाय ती किंचित आंबट. मला आज शिकेकाई कुटत बसायला वेळ नाही, पण आजीचे केस साठीतही मऊ का होते, ते कळतं. शाम्पूचाही साका होत नाही, पण पाण्यातला क्षार काही कुठे जात नाही.

त्यावर मी काय काय करून पाहिलं? शॉवरला लावायचा फिल्टर मागवला. नळाच्या पाण्याचा क्लोरीनचा वास गेला, बोअरच्या पाण्याचा पांढरा थर होता तसाच. त्या छोट्या डबीत बहुतेक कार्बन असतो. तो क्लोरीन पकडतो, जडपणा नाही. जडपणा काढायला रेझिनचा सॉफ्टनर लागतो, तो अधूनमधून मिठाच्या पाण्याने धुवावा लागतो, आणि अख्ख्या घरासाठी बसवायचा म्हणजे खर्चाचं काम. आमच्या बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये हा विषय काढला तर लोक लिफ्टच्या दुरुस्तीवर गेले. काही जणी आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी साठवून त्याने केस धुतात. पाणी वाचवायची दानत चांगलीच, पण मशीनने बाजूला काढलेला सगळा क्षार त्याच पाण्यात असतो. त्याने फरशी पुसा.

मी शेवटी एवढ्यावर आले आहे. धुणं बोअरच्या पाण्याने, आणि शेवटचे दोन तांबे नळाच्या साठवलेल्या पाण्याचे. कधीतरी त्यातल्या एका तांब्यात अर्धं लिंबू पिळते, नीट गाळून, नाहीतर दिवसभर केसांतून लिंबाचे कण निघतात. आंबटपणाने क्षार सुटायला मदत होते. महिन्यातून एखाद्या वेळी 'चिलेटिंग' लिहिलेला शाम्पू. त्याच्या मागच्या बारीक अक्षरांत ईडीटीए असतं, ते क्षारांना धरून पाण्याबरोबर वाहून नेतं. पहिला चांगला पाऊस पडून गच्ची धुतली गेली की पुढच्या पावसाचं पाणी बादलीत धरून त्याने एकदा केस धुऊन पाहा. त्या दिवशी काहीही न लावता केस कसे होतात ते बघा, मग बाटल्यांबद्दल बोलू.

'सल्फेट-फ्री'च, म्हणजे सल्फेट हे कडक फेसाचं रसायन नसलेला सौम्य शाम्पूच पाहिजे, हा हट्ट मला इथे पटत नाही. होटगी रोडने स्कूटरवरून येऊन-जाऊन डोक्यात जी धूळ बसते, ती सौम्य शाम्पूने दर वेळी निघत नाही. आणि तुमच्या सीरममध्ये डायमेथिकोन असेल, म्हणजे सिलिकॉन, तर तेही पाण्याने सुटत नाही. थरावर थर चढतो, केस जड आणि निस्तेज होतात, आणि आपण म्हणतो हे सीरम मानवेना. सीरम वापरायचं तर अधूनमधून कडक शाम्पूही वापरायचा. कडक शाम्पू नको असेल तर सीरम सोडायचं. दोन्हीकडून सोवळं पाळता येत नाही.

आता टॉवेल. हे लिहिलं म्हणून घरात बोलणी खाणार आहे, कारण आमचे भाऊजी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत. सोलापुरी चादरीसारखंच इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण कुरळ्या केसांना टेरी टॉवेल लावू नका. त्याच्या अंगावरचे ते लूप पाणी शोषतात, आणि तेच केसांत अडकतात. ओला केस फुगलेला असतो, त्याच्यावरचे खवले सैल झालेले असतात. अशा वेळी घासाघीस केली की खवले उचकटतात आणि केस वाळेपर्यंत डोकं पिंजारून तयार. भाऊजी म्हणाले, "लूप काढला तर तो टॉवेल कसला?" बरोबर आहे. अंगाला टेरी, डोक्याला पंचा. जुना, धुऊन मऊ झालेला सुती पंचा, नाहीतर टी-शर्ट. तोही झटकायचा नाही. आमच्याकडच्या बायका ओणवं होऊन पंचाने केस सपासप झोडपत आणि अंगणभर पाणी उडे. बघायला छान वाटायचं, पण कुरळ्या केसांना ते नको. खालून मुठीत धरायचं, दाबायचं, सोडायचं.

हे इतकं लांबण लावून सांगते, कारण खरी गोम इथेच आहे. केसाला आकार देणारे बंध दोन जातीचे. पक्के असतात ते पाण्याला दाद देत नाहीत. कच्चे असतात ते भिजल्यावर सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. म्हणजे ओला केस ज्या आकारात ठेवाल आणि हात न लावता वाळू द्याल, तो त्याच आकारात बसतो. मध्येच हात फिरवला, विंचरलं, पंख्याखाली उभं राहिलात, की प्रत्येक केस आपापल्या दिशेने वाळतो. त्यालाच आपण पिंजारणं म्हणतो. म्हणून मी क्रीम आणि जेल दोन्ही केसांतून पाणी ठिबकत असतानाच लावते. अर्धवट वाळल्यावर लावलं तर पिंजारलेपणाच जेलने पक्का होतो.

विंचरणंही तेव्हाच, कंडिशनर लावलेलं असताना, जाड दातांच्या कंगव्याने, टोकांकडून वर. कोरडे केस विंचरायचे नाहीत म्हटल्यावर सासूबाई हादरल्या. "जट होईल की गं!" या भीतीला मी हसत नाही. आपला भाग कर्नाटकाला लागून. इथे गुंत्याची जट झाली की ते यल्लम्माचं बोलावणं समजत, आणि त्यापायी कितीतरी पोरी देवीला सोडल्या गेल्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही बायकांना समजावून जटा कापतात. जट म्हणजे न सोडवलेला गुंता, दुसरं काही नाही. सासूबाईंना न्हाणीघराच्या दारात बसवून कंडिशनरमधून कंगवा कसा सरसर उतरतो ते दाखवलं. आता त्याच शेजारणींना सांगतात.

जेलबद्दल. बाटलीच्या मागे पहिल्या चार-पाच नावांत ग्लिसरीन आहे का बघा. ते हवेतली ओल ओढून घेतं. डोंबिवलीच्या पावसाळ्यात ते इतकी ओल ओढतं की केस फुगून बसतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, हवेत ओढायला ओलच नसते, आणि ग्लिसरीनचं जेल लावलेले माझे केस संध्याकाळपर्यंत कडक, राठ. त्यामुळे उन्हाळ्यात माझं जेल घरचं असतं, जवसाचं. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं. अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट झालं की गरम असतानाच पातळ कापडातून गाळायचं. गार झाल्यावर ते गाळता येत नाही, चमच्याला लोंबत बसतं. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. बाहेर विसरलात तर इथल्या उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी वास मारतं. जवस मधल्या मारुतीजवळ कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. चटणीसाठी आणलेल्यातलेच घ्या, मुखवासाचे खारे नकोत. पावसाळ्यात मात्र जवसाची पकड कमी पडते, तेव्हा विकतचं घट्ट पकडीचं जेल बरं. ते वाळल्यावर केस कडक लागतात, घाबरू नका. पूर्ण, अगदी पूर्ण वाळले की तळव्यांनी खालून हलके चुरगळा, कडकपणा मोडतो आणि वळण राहतं.

तेलाचं थोडक्यात. खोबरेल, न्हाण्याआधी. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाच्या किंवा मिनरल तेलाने तसं होत नाही, हे २००३ साली छापून आलेल्या भारतीय संशोधकांच्या प्रयोगात दिसलं आहे. न्हाल्यावर तेल चोपडून वेणी घालणं वेगळं. तो पिंजारलेपणा लपवण्याचा उपाय.

यंत्रांपैकी पैसे वसूल झाले ते डिफ्युझरचे. ड्रायरच्या तोंडाला लावायची ती भोकांची वाटी. तिच्यात केस खालून अलगद ठेवायचे, उष्णता कमी, वारा कमी. वारा पसरून येतो म्हणून केस उडत नाहीत. श्रावणात, थंडीत, सकाळी आठला घर सोडायचं असतं तेव्हा याला तोड नाही. उन्हाळ्यात कपाटात. खिडकीतून येणारी झळ फुकट ड्रायरचं काम करते, फक्त तिच्या समोर उभं राहू नका. कर्लिंग टाँग मी कपाळावरच्या दोन हट्टी बटांपुरती वापरते. गरम हवेचा फिरता ब्रश मला आवडला नाही, त्याने केस धड कुरळे राहत नाहीत, धड सरळ होत नाहीत. स्ट्रेटनर ओल्या केसांवर कधीही फिरवू नका. आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती केसाच्या आतच फुगे करते, केस तिथून तुटतो. चर्र आवाज आला की समजा. आकडा दिसत असेल तर १८० अंश सेल्सिअसच्या खाली ठेवा, आकडाच नसलेला घेऊ नका.

स्कूटरवर स्कार्फ तर हवाच, उन्हापासून सुटका नाही. केस घासले जाऊ नयेत म्हणून आत गुळगुळीत सॅटिनचा एक तुकडा घालते, उशीलाही सॅटिनचाच अभ्रा. शिंप्याकडे ब्लाउजच्या अस्तराचे उरलेले तुकडे असतात, त्यातून झालं.

राहिलं ते केराटिन, कारण दुसरा प्रश्न तोच असतो, "करूनच का टाकत नाही?" नाव केराटिनचं, म्हणजे केस ज्या प्रथिनाचे बनतात त्याचं, पण केस सपाट करण्याचं काम बऱ्याच ट्रीटमेंटमध्ये फॉर्माल्डिहाइड, किंवा गरम झाल्यावर ते सोडणारी रसायनं करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. आपण दोन तास बसून घरी येतो. एसीसाठी दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत ती पार्लरमधली पोरगी दिवसभर तोच धूर घेते. 'फॉर्माल्डिहाइड-फ्री' म्हणून जे येतं त्यात पुष्कळदा ग्लायॉक्सिलिक आम्ल असतं, आणि त्याने मूत्रपिंडाला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी २०२४ मध्ये केली. रिबाँडिंगचं तंत्र वेगळं. त्यात ते पक्के बंधच रसायनाने तोडतात. खालचे केस सरळ होतात, पण मुळातून नवा येणारा केस कुरळाच येतो. माझ्या पुतणीच्या डोक्यावर दीड वर्ष दोन जातींचे केस होते.

"मग लग्नाला काय करू?" असं तिनेच विचारलं होतं. आदल्या दिवशी न्हा, शेवटचा तांब्या नळाच्या पाण्याचा, जेल लाव, वाळेपर्यंत कुणालाही डोक्याला हात लावू देऊ नकोस, मावशीलाही नाही. सकाळी पाण्याचा हलका फवारा, सैल अंबाडा. आणि गजऱ्याला पिना कमी घे, कुरळ्या केसांतून तो घसरत नाही.